सी उडतो, डी राहतो

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

आज माझ्यावर घोर अन्याय झाला. इतिहास त्याची दखल घेणार नाही, म्हणून मीच घेतो.

सदर लिहायला बसलो होतो. पहिलं वाक्य जमलं होतं. ते जमलं की पुढचा मजकूर आपसूक येतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. आणि तेवढ्यात पडदा निळा! 'अपडेट होत आहे. संगणक बंद करू नका.' अरे, मी बंद करायला नाही, लिहायला बसलो होतो! जेवण झालं, वामकुक्षी झाली, तरी ते निम्म्यावरच. शेवटी उघडलं तेव्हा माझं वाक्य नाही. त्याच्या जागी नम्र सूचना — येत्या चौदा तारखेपासून विंडोज दहाची देखभाल बंद, आणि अकरासाठी आपला संगणक पात्र नाही.

पात्र नाही! माझ्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनीसुद्धा इतक्या सभ्यपणे नव्हतं सांगितलं.

आता ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. मी म्हणजे 'विंडोज सोडा, फुकटातलं लिनक्स घ्या' असं गावभर ओरडणारा लिनक्सवाला. मग माझ्या लॅपटॉपवर विंडोज काय करत होतं? राहत होतं! एका कोपऱ्यात, गुपचूप. आमच्या सायंदैनिकाचा ऑपरेटर फक्त जुन्या फॉन्टमधला मजकूर घेतो, आणि ते सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही. म्हणून एकाच घरात दोन चुली. बाहेर मात्र सांगतो, "दीड वर्ष झालं, विंडोजचं तोंड पाहिलं नाही."

मंगळवार, ७ ऑक्टोबर

गुरुबसप्पाच्या दुकानी गेलो. हा माझा शाळेपासूनचा मित्र, टॉवेलचा व्यापारी, आणि आमच्या समाजाच्या मंडळाचा अध्यक्ष. गठ्ठ्यांवर बसून त्याला लिनक्सचं तत्त्वज्ञान ऐकवलं. स्वातंत्र्य, मालकी, गुलामगिरी — काही ठेवलं नाही.

"हिशेबाचं टॅली चालतंय का?" त्याने एवढंच विचारलं.

"दुसरं काहीतरी चालेल. आणि फुकट आहे, अरे!"

"फुकट म्हणून तर भ्या वाटतंय, शिवा. आमच्या धंद्यात फुकट फक्त सॅम्पल असतंय. आणि सॅम्पलचा रंग जातोय."

गुरुवार, ९ ऑक्टोबर

स्टाफरूममध्ये लिनक्सवर बोललो. घंटा व्हायच्या आधीच सगळे प्राध्यापक तासाला गेले. आमच्या कॉलेजात असं पहिल्यांदा घडलं.

घरी बायको, दाक्षायणी, म्हणाली, "माझ्या मोबाइलला हात लावला तर बघा."

रविवार, १२ ऑक्टोबर

एक मासा गळाला लागला!

मल्लप्पाअण्णा आले होते. दाक्षायणीचे थोरले भाऊ. एसटी डेपोत कंट्रोलर होते, भोंग्यावर गाड्या सांगायचे — अजूनही फोनवर बोलताना फलाट क्रमांक पाच ऐकू येतो. निवृत्तीनंतर समाजाच्या वधू-वर मेळाव्याची पुस्तिका त्यांच्याकडे आहे. मुलामुलींची माहिती स्वतः टाइप करतात. निम्म्या लोकांना फॉर्म भरता येत नाही, त्यांची माहिती फोनवर घेतात. आणि विधवांच्या, सोडलेल्यांच्या माहितीसाठी घरी जातात. 'पुनर्विवाह' हा भाग त्यांनीच सुरू केला. पहिली दोन वर्षं त्यात एकही नाव आलं नव्हतं.

"दाजी, आमचं मशीन म्हनतंय की मी म्हातारं झालं. नवं घ्या."

मी अंगावरची शाल झटकून बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही घड्याळ बघितलं नाही. असा श्रोता मला आयुष्यात मिळाला नव्हता.

"पण माझं टायपिंग ऱ्हाईल न्हवं?"

"अण्णा, माझ्यावर विश्वास नाही का?"

"तसं न्हाय हो. इचारलं आपलं."

इन्स्टॉल करायला पेन ड्राइव्ह लागतो. माझा सापडेना. त्यांनी खिशातून काढून दिला, काळ्या दोऱ्यात ओवलेला. एरवी तो त्यांच्या टेबलापाशी खिळ्याला टांगलेला असतो. "रिकामा न्हाय ह्यो. पुस्तिकेची कॉपी हाय. पण ती मशीनमदी पन हाय, तवा पुसा की खुशाल."

पुसला.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

विंडोज दहाचं आज निधन. मी अण्णांकडे जाऊन क्रियाकर्म उरकलं.

त्यांचं 'डॉक्युमेंट्स' आणि 'डेस्कटॉप' माझ्या डिस्कवर काढून घेतलं. मग इन्स्टॉलर सुरू. त्याने विचारलं — विंडोजच्या शेजारी बसू, की अख्खी डिस्क पुसून बसू? शेजारी बसवता आलं असतं. माझ्या घरी तसंच आहे. पण मला तिथे दोन चुली नको होत्या. मला पूर्ण विजय हवा होता. 'पुसा' दाबलं. त्याने पुन्हा विचारलं — सगळं जाईल, नक्की? 'नक्की' दाबलं. अण्णा मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. वहिनींनी शेंगदाण्याची पोळी केली होती.

मग 'डॉक्युमेंट्स' परत टाकलं. त्यात विजेची बिलं आणि नातवाचा वाढदिवस.

"पुस्तिका उद्या बघू," असं मीच म्हणालो. पोळी खात होतो.

बुधवार, १५ ऑक्टोबर

सकाळी फोन.

"दाजी, ते डी कुटं गेलं?"

"कुठला डी?"

"डी ड्राइव्ह की. समदं त्यातच हाय. मशीन जोडनाऱ्यानं सांगितलं होतं, कामाचं काय असंल ते डीमदी ठेवायचं. सी उडतो, डी राहतो."

सोलापुरात मशीन जोडून देणारा प्रत्येक माणूस हे सांगतो. विंडोज बिघडून नव्याने टाकलं तर डिस्कचा सी हा भाग पुसला जातो, डी शाबूत राहतो. मी स्वतः पन्नास लोकांना सांगितलंय. आणि काल सी, डी, होतं नव्हतं ते सगळं एका बोटाने —

मग माझ्या तोंडून वाक्य निघालं. पहिलंच वाक्य, न अडखळता — "अण्णा, तुमची डिस्क जुनी होती हो. बसली बहुतेक."

"अरारा. मग आता?"

"बघतो."

"बघा, दाजी. तुमीच हाय आता."

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

त्यांचं मशीन घरी आणलंय. गेलेल्या फायली परत काढायचे जेवढे उपाय ठाऊक होते तेवढे केले. हाती आले नातवाचे अर्धे कापलेले फोटो, आणि पेज-मेकिंगच्या फायलींचे तुकडे. कुठे नुसतं 'उंची', कुठे नुसतं 'अपेक्षा'.

पेन ड्राइव्हमधूनही काही नाही. त्यावर लिनक्स बसवताना मीच तो घासूनपुसून लख्ख केला होता. मूळ माझ्या हातून गेलं, नक्कलही माझ्याच हातून. दोन दिवसांत, आणि दोन्ही वेळा मला परवानगी विचारून!

रविवार, १९ ऑक्टोबर

सदर छापून आलं. विषय: लोक नव्याला का घाबरतात. फोन येतायत, "सर, हसून हसून पुरेवाट झाली."

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज

अण्णा ओवाळून घ्यायला आले. पाटावर बसले, पण आरतीकडे लक्ष नव्हतं. दाक्षायणी म्हणाली, "अण्णा, तोंड वर कर की जरा."

मशीन मी परत नेऊन दिलंय. त्यावर नव्या पद्धतीचं मराठी टायपिंग शिकतायत. एकेका घरी फोन करून माहिती पुन्हा घेतायत. लोक विचारतात, "अण्णा, आमचं काढून टाकलं व्हय?" हे सांगतात, "न्हाय हो, माझी डिस्क बसली."

माझी डिस्क! माझं वाक्य त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं.

जेवण झाल्यावर मला गच्चीवर नेलं. "दाजी, समदं परत मिळंल. एक पान मिळायचं न्हाय." मग सांगितलं, नाव कुणाला न सांगण्याच्या अटीवर. कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलात नागव्वा नावाची बाई आहे. मुलगा गेला तिचा. सून सिद्धेश्वरी घरातच आहे, दोघी विड्या वळतात. नागव्वा स्वतः अण्णांकडे आली होती — सुनेचं लग्न लावायचं म्हणून! धाकट्या मुलाला कळू द्यायचं नाही. सुनेची मजुरी त्याच्या हातात पडते, तो मोडता घालेल. घरातला फोनही त्याच्याकडेच. म्हणाली, "एकदा सांगते, परत इचारू नका."

"आता कुठल्या तोंडानं इचारू, सांगा?"

कुठलं तोंड विचारायला हवं होतं, ते त्यांच्यासमोर बसून सुपारी चघळत होतं.

रविवार, २६ ऑक्टोबर

लिहायला नको वाटतंय. पण लिहिणार.

मंडळाची सभा होती. गुरुबसप्पाने विचारलं, पुस्तिका कुठवर आली? अण्णा उभे राहिले. "अध्यक्षसाहेब, माझी डिस्क बसली. निम्मं झालंय परत. वेळेत देतो."

कुणीतरी मागून म्हणालं, "वय झालं आता अण्णांचं." मग ते सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी मी काहीतरी बोलतो, ही त्यांना सवय, मलाही सवय. तोंड उघडलं आणि निघालं —

"अण्णांनी एका दिवसात दोनशे सोयरिकी मोडल्या! एवढं तर आपल्या भावकीलाही कधी जमलं नाही."

सभागृह कोसळलं. गुरुबसप्पाने डोळे पुसले. अण्णाही हसले. हसता हसता खाली बसले आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. बराच वेळ.

पुढच्या वर्षीपासून पुस्तिकेचं काम एका ॲपवाल्या मुलाला द्यायचं ठरलं. एकमताने. माझंही मत त्यात आहे.

सोमवार, २७ ऑक्टोबर

विनोद चांगला होता. त्याचीच जास्त लाज वाटते.

बुधवार, २९ ऑक्टोबर

दाक्षायणी पोळ्या लाटत होती. पाठमोरीच म्हणाली, "तुमच्या लॅपटॉपवर दोन्ही आहेत ना? विंडोज पण, ते तुमचं पण."

"तुला कोणी सांगितलं?"

"मी काय आंधळी आहे काय? रविवारी सदर लिहिताना निळा पडदा असतोय की." लाटणं थांबलं. "मग अण्णाच्या मशीनवर एकच का ठेवलं?"

मी म्हणालो, त्यांची डिस्क लहान होती.

आणखी एक. खोटं बोलायचा सराव झाला की ते सदरासारखं वेळेवर येतं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

संध्याकाळी अण्णांकडे जाऊन बसतो. मी माहिती वाचून दाखवतो, ते टाइप करतात. एक बोट शोधतं, दुसरं दाबतं. नवी अक्षरं सापडली की लहान मुलासारखे खूश. "दाजी, ह्यात जोडाक्षर झ्याक येतंय की!" मला म्हणतात, "तुमी नसता तर माझं काय झालं असतं?"

रविवार, ९ नोव्हेंबर

आज कुंभारीला जाऊन आलो, मी आणि दाक्षायणी. मीच अण्णांना म्हणालो होतो, ते एक पान आम्ही आणतो. "सांगनार काय पर?" "सांगू की, डिस्क बसली." मनात तसंच ठरवून गेलो होतो.

धाकटा बाहेर गेलेला. नागव्वा दारात, मांडीवर तंबाखूचं सूप. "बर्री, कूड्री," म्हणजे या, बसा, म्हणत तिने चटई पुढे सरकवली. सून आत होती. बांगड्या वाजत होत्या, बाहेर आली नाही. दाक्षायणीने कानडीत विचारपूस केली. मग मी घसा साफ करून सांगितलं — अण्णांचं मशीन बिघडलं, माहिती गेली, परत लागेल.

विडी वळणारी बोटं थांबली.

"गेली म्हंजी? कुणीकडं गेली?"

"म्हणजे… डिस्क खराब झाली."

"दुरुस्तीला दुकानात टाकली व्हय?" आवाज एकदम खाली आला. "दुकानदारानं बघितलं? माझ्या धाकट्याचं दोस्त हाईत तितं मोबाइलच्या दुकानात. कुणी वाचलं असंल तर सांगा आत्ताच. माझं जाऊ द्या, ह्या पोरीला घरात ऱ्हावू द्यायचा न्हाय त्यो."

आतल्या बांगड्या पण थांबल्या.

माझ्या वाक्याने तिचं काय केलं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. दुसरं एखादं खोटं सुचतंय का बघितलं. सुचलं असतं. मला सुचतं. पण ती माझ्याकडे नजर न हलवता बघत होती.

"कुणी वाचलं नाही," मी म्हणालो. "डिस्क खराब नव्हती. मी पुसली. माझ्या हाताने, सगळीच्या सगळी. आणि अण्णांना खोटं सांगितलं."

दाक्षायणी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागली.

"पुसलं? पार?"

"पार."

"कुणाला बी दिसणार न्हाय?"

"मला स्वतःला काढता आलं नाही."

"यप्पा!" तिने मोठा श्वास सोडला. "मग बरंच झालं की! तसं सांगायचं न्हाय व्हय आदी? उगं जीव घेतला माझा. लिवा परत."

लिहून घेतलं. पोरगी दहावी, शिवण येतं. अटी दोनच. "दारू नगो. आन् लई लांब नगो. सकाळच्या एसटीनं जाऊन तिला बघून संध्याकाळी परत येता आलं पायजे मला." तेवढ्यात सून बाहेर आली, माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "तिसरी अट लिवा. आत्ती पन सनासुदीला माझ्याकडं येनार." आत्ती म्हणजे सासू. नागव्वा खेकसली, "गप ए!" सून काही गप्प झाली नाही. "लिवलं का?" लिवलं.

परतीच्या रिक्षात दाक्षायणी एकच वाक्य बोलली. "अण्णाला कधी सांगणार?"

"मेळाव्याच्या आत."

बुधवार, १२ नोव्हेंबर

पान टाइप झालं. नाव नाही, फक्त 'संपर्क: मल्लप्पाअण्णा'. तीन अटी जशाच्या तशा. अण्णांनी वाचलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आनखी काय बोलली का नागव्वा?"

"नाही."

"बरं."

आज सांगणारच होतो. वहिनी चहा घेऊन आल्या. चहामुळे राहिलं असं लिहितो, वाचायला बरं वाटतं.

रविवार, १६ नोव्हेंबर

मेळावा झाला. पुस्तिका वेळेत. मांडव भरला होता. सूत्रसंचालन दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे. अण्णांना शाल आणि नारळ — म्हणजे निरोप. गुरुबसप्पा म्हणाला, "डिस्क बसली तरी अण्णा बसले नाहीत." माझंच बघून लोक विनोद करायला लागलेत.

माईक हातात होता. म्हटलं आत्ताच. सगळ्यांसमोर.

"एक सांगायचं राहिलं. अण्णांची डिस्क बसली नव्हती. मी त्यांना लिनक्स घ्यायला लावलं, आणि त्यांचं सगळं काम मी माझ्या हाताने पुसून टाकलं. वर खोटंही बोललो."

आणि मग हशा! मागच्या रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंत. टाळ्या. "सरांचं काय सांगावं!" मी म्हणालो, "अहो, खरंच." अजून मोठा हशा. पुन्हा म्हणालो, "विनोद नाही हा." एक बाई पदर तोंडाला लावून हसत खुर्चीवरून घसरली.

तीस वर्षं कमावलेलं ते हेच.

आणि मी काय केलं? त्यांच्याबरोबर थोडंसं हसलो. माईक पुढच्या वक्त्याच्या हातात दिला.

व्यासपीठावर एकच माणूस हसला नव्हता. नारळ मांडीत धरून, समोर मांडवाच्या खांबाकडे बघत बसला होता.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

संध्याकाळी अण्णांकडे गेलो, एकटाच. काळ्या दोऱ्याचा पेन ड्राइव्ह नेला, त्यात पूर्ण पुस्तिका.

"बसा," म्हणाले. दाजी म्हणाले नाहीत. "नागव्वानं त्याच दिवशी सांगितलं मला. शेजारनीच्या फोनवरनं. तवापासनं वाट बघतोय. मेळाव्यात वाटलं, आता सांगतायत. तर तुमी हसलासा." मग खुर्ची माझ्याकडे वळवली. "आता सांगा. हसवू नका."

सांगितलं. सुरुवातीपासून, साध्या वाक्यांत. सभेतला विनोदही. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "मशीननं इचारलं न्हवतं का पुसताना?"

"विचारलं होतं. दोनदा."

"व्हय?" त्यांनी पडद्याकडे बघितलं. मी म्हणालो, पाहिजे तर विंडोज परत टाकून देतो. मान हलवली. "ऱ्हावू द्या. मशीन काय खोटं बोललं न्हाय."

वहिनींनी चहा दिला. दोघांनी घेतला. निघताना पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. त्यांनी हात लावला नाही. मीच उचलून खिळ्याला टांगला आणि घरी आलो.